लाईट गेली नव्हती

आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये स्टेजच्या मधोमध एक चौकोनी झाकण आहे. सागाच्या फळ्यांचं, एका अंगाला लोखंडी कडी असलेलं. बाकी स्टेजभर मी बिनदिक्कत फिरतो, पण त्या झाकणावर पाय ठेवत नाही. पोरांनी हे हेरलंय. त्यांना वाटतं, सरांची श्रद्धा आहे. जुनी मुलं नव्यांना दबक्या आवाजात सांगतात, "इथूनच आला होता तो आवाज." मग सगळी त्या झाकणाकडं देवघराकडं बघावं तशी बघतात.

श्रद्धा कसली डोंबलाची!

मध्यंतरी तालमीसाठी ते झाकण पुन्हा उघडलं. खालून तोच वास आला. सर्दावलेल्या मातीचा, उंदरांचा, आणि या दोन्हींच्या तळाशी दडून बसलेला लाकडाच्या भुशाचा. इतक्या वर्षांत हॉलला दोनदा रंग झाला, खुर्च्या बदलल्या, पडदा बदलला. भुसा काही तिथून निघालेला नाही. नाकात तो वास गेला की माझं डोकं तडकतं. इतके दिवस मी ते वयावर ढकलत होतो.

नाटक जुनं आहे, फार जुनं. राजा तळं खोदतो, पाणी लागत नाही. ज्योतिषी सांगतो, एक पोर आत उभी करा आणि वरून माती लोटा. माती खोदणाऱ्यांच्याच घरातली पोर निवडतात. मूळ नाटकात ती निमूट उभी राहते, तळं भरतं, राजा तिच्या नावानं पाण्यात दिवा सोडतो आणि सर्वांचं कल्याण होवो म्हणून पडदा पडतो. आमच्या कॉलेजनं केलेलं त्याचं रूपांतर आता आमच्या भागात मूळ नाटकापेक्षा जास्त गाजलेलं आहे. त्यात पोरीवर माती पडते, सगळीकडं अंधार होतो, आणि त्या मिट्ट काळोखात तिचा आवाज येतो. मेलेल्या पोरीचा आवाज. मग पडदा. याला सगळे 'अंधारातला शेवट' म्हणतात. शिबिरांत तो शिकवतात. तो माझा आहे असं समजतात.

माझाच आहे. कसा, ते आज सांगतो.

यंदा ती भूमिका कोमलकडं आहे. सोयगावकडची पोर, वसतिगृहात राहते, जिभेला हाड नाही. तालमीत ती खड्ड्यात उतरली, छातीपर्यंत आत गेली, दोन-तीन वाक्यं बोलली आणि थांबली.

"सर, एक विचारू का? चिडणार नसाल तर."

"विचार."

"ही बोलती ती मेल्यावर का मरायच्या आधी?"

"मेल्यावर," मी म्हणालो. तोंडाला सवय झालीय. "तो तिचा आवाज आहे. देह नाही."

"मग 'हात नका देऊ, माझी मी येते' असं का म्हणती? येती कुठं?"

"वर," मागून कुणीतरी म्हणालं. "ढगात."

सगळी खिदळली.

"ढगात जायला हात कशाला लागतो रे?" कोमल म्हणाली. "आमच्याकडं विहिरीत उतरलेला गडी असं म्हणतो. वर चढताना. जित्ता गडी." मग माझ्याकडं वळून, "सर, मला तर वाटतं ही मेलीच नाय. ही चढून वर येती. आन आपण लाईट बंद करून बसलोय."

मी तिच्यावर खेकसलो. संकल्पना समजून घे, म्हणालो. मग चहाची सुट्टी दिली आणि हॉलच्या मागं, जिथं आता दुचाक्या लावतात, तिथं जाऊन उभा राहिलो. किती पोरी त्या खड्ड्यात उभ्या राहून अंधारात बोलून गेल्या! एकीनंही विचारलं नव्हतं. किंवा विचारलं असेल आणि मी हेच म्हणालो असेन. म्हणालोच असेन.

तेव्हा शहराचं नाव वेगळं होतं. मी फुलंब्रीहून एस.टी.नं यायचो. पावसाळा सरलेला, ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर तापायला लागलेलं. टपाच्या कडेला सीताफळांच्या पाट्या बांधलेल्या असायच्या. उन्हानं ती फळं फुटायची आणि सगळ्या गाडीत गोड, किंचित आंबूस वास भरायचा. तो वास आला की मला अजून संवाद पाठ करावेसे वाटतात. स्टँडवरून मी चिकलठाण्याला जायचो. सुट्टीत हॉलला कुलूप असायचं, म्हणून तालमी सुनंदाच्या घराच्या गच्चीवर चालायच्या.

सुनंदा आमच्या वर्गातली. वडील कारखान्यात, आई दवाखान्यात आया. दुपारी घरी कुणी नसायचं. जिना चढताना आतल्या खोलीच्या भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो दिसायचा, त्याच्याखाली बुद्धाची छोटी मूर्ती आणि ताजी शेवंती. तिची आई आमच्यासाठी भाकऱ्या झाकून ठेवून जायची, वर ठेचा. सहा जणांना पुरेल एवढा, पण एवढा तिखट की पहिला घास घेतला की राजासुद्धा आपले संवाद विसरायचा.

"खा की, महाराज," सुनंदा मला म्हणायची. "गावाकडं तर म्हणं तुम्ही लोक मिरच्या चावूनच शाळेत जाता."

"आमच्याकडं ठेच्यात शेंगदाणे घालतात."

"म्हणून तुमचा राजा असा गुळचट बोलतो."

राजा मी होतो आणि दिग्दर्शकही मीच होतो. त्या वयात दोन्ही एकच वाटायचं.

गच्चीवर खड्डा नव्हता. पण सिमेंटची एक टाकी होती. नळाला पाणी यायचं तेव्हा भरायची, आणि नळाला पाणी यायचं तेव्हा सणच असायचा, त्यामुळं बहुतेक वेळा कोरडीच. सुनंदा त्या टाकीत उतरायची. आम्ही लाकडाच्या वखारीतून आणलेला भुसा तिच्यावर लोटायचो. तिच्या वेणीत, पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर भुसा बसायचा. ती शिंकायची, आम्हाला शिव्या घालायची आणि पुन्हा उतरायची.

शेवट तिनं केला होता. आधी ती नुसती बोलायची, मग आमच्यातलं कुणीतरी ते उतरवून घ्यायचं. मूळ नाटकातली पोर मरते. सुनंदाची मरत नव्हती. माती पडत असताना ती हलायची, भुसा झटकायची आणि कुणाचाही हात न घेता वर चढायची. चढता चढता बोलायची. तिच्या आजीच्या गावी पाणी दुसऱ्यानं वाढावं लागायचं. आजी काठाशी घागर घेऊन उभी राहायची. ते तिनं त्या पोरीच्या तोंडी घातलं होतं.

"हात नका देऊ. माझी मी येते. तळ्याला पाणी लागंना तर आणखी खोल खांदा. कुदळी काय माझ्यावर माती लोटायला आणल्या? माझी आजी पाण्याच्या काठाला उभी राहिली, कुणी वाढील म्हणून. आई उभी राहिली. मी आत उभी ऱ्हाणार नाय."

"हे मूळ नाटकात नाही," मी म्हणालो होतो.

"मूळ नाटक लिहायला आमच्यातलं कुणी नव्हतंच," ती म्हणाली.

बरोबर याच जागी विमान यायचं. विमानतळ जवळ, दुपारचं विमान गच्चीवरून एवढं खालून जायचं की टाकीच्या झाकणाचा पत्रा थरथरायचा. बोलणं ऐकूच यायचं नाही. ती थांबायची. टाकीच्या काठावर उभी, केसांत भुसा, मान वर करून विमान जाऊ द्यायची. मग शांत झालं की शेवटचं वाक्य टाकायची, "आता बघा माझ्याकडं." ती थांबण्याची जागा इतकी मुरली की विमान नसलं तरी ती तिथं थांबायची. आम्ही म्हणालो, ठेव, छान वाटतंय. तिनं ठेवली.

लाईटचंही तसंच. तेव्हा वीज कधीही जायची. कॉलेजात तालीम चाललेली असताना गेली की पोरं हुर्यो करायची आणि वेळ वाया जायचा. म्हणून मी नियम केला होता: लाईट गेली तरी थांबायचं नाही. अंधारात पुढं बोलत राहायचं, आपापल्या जागा घ्यायच्या. लाईट आली की नाटक जिथं असायला हवं तिथंच असलं पाहिजे. मला या नियमाचा मोठा अभिमान होता. सुनंदानं तो सगळ्यांत मनापासून पाळला.

आईला तिनं शेवट सांगितला नव्हता. आई रोज विचारायची, "त्या पोरीचं काय होतं गं मग?" सुनंदा म्हणायची, "हॉलमधी बघायला ये." तिला एवढंच हवं होतं. बक्षीस वगैरे आमच्या डोक्यात होतं. तिला आईनं आपल्याला वर येताना बघायला हवं होतं.

युवक महोत्सव त्या वर्षी आमच्याच कॉलेजात होता. दुपारचा प्रयोग. खिडक्यांना काळं कापड लावलेलं, हॉल खच्चून भरलेला, छताचे पंखे घरघरत होते तरी माणसं पुठ्ठ्यांनी वारा घेत होती. खोबरेल आणि मेकअपच्या झिंक पावडरीचा, जळलेल्या बल्बच्या धुळीचा, दिव्यांवरच्या तापलेल्या रंगीत कागदाचा वास. सुनंदाची आई कामावरून परस्पर आली होती. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत कडेला, पदर खांद्यावर घट्ट ओढून.

पहिल्या रांगेत माझे मामा होते. संस्थेचे अध्यक्ष. प्रयोगाआधी ते मेकअपच्या खोलीत आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. अत्तराचा वास आला. "शेवट जरा सौम्य घे, भाचेबुवा," म्हणाले. "पुढं सगळी आपलीच माणसं बसलीत."

एवढंच. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. यापेक्षा मोठं काही घडलं असतं तर मला आज सांगायला बरं वाटलं असतं. घडलं नाही.

राजाचा शेवटचा संवाद संपवून मी विंगेत आलो. लाईट अन्वरभाईंची होती. रोशनगेटचे अन्वरभाई, लग्नांच्या मांडवापासून नाटकांपर्यंत सगळ्यांना दिवे पुरवणारे. त्यांचा डिमर विंगेतच होता. खिट्टी वर सरकवली की उजेड वाढायचा, खाली ओढली की मिटायचा. स्टेजवर पोरीवर भुसा पडत होता.

"अन्वरभाई, फेड करो."

"अभी? अभी तो बच्ची उठरी."

"करो."

"नक्को मियाँ, वो बाहर तो आने दो अंदर से."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि खिट्टी खाली ओढली. ती गरम होती. तिची धग मला अजून बोटांवर सापडते.

"हात तुमचा है," अन्वरभाई म्हणाले. "याद रखना. मेरा नहीं."

काळोख झाला. आणि मग ती बोलायला लागली. का नाही बोलणार? लाईट गेली तरी थांबायचं नाही. मीच शिकवलं होतं. तिचा आवाज कापरा झाला नाही, घाईचा झाला नाही. शब्दांमधून भुसा सांडल्याचा आवाज आला, मग फळीवर तळहात आपटल्याचा, मग फळी करकरल्याचा. ती चढत होती. काठावर उभी राहिली असणार. मी मान दुसरीकडं वळवली होती. "मी आत उभी ऱ्हाणार नाय," ती म्हणाली आणि थांबली. तिच्या डोक्यावरून गच्चीवरचं ते विमान गेलं. मग म्हणाली,

"आता बघा माझ्याकडं."

मी पडदा पाडायला सांगितला.

टाळ्या थांबेनात. हे मला नीट लिहिलं पाहिजे, कारण माझं सगळं आयुष्य त्या टाळ्यांवर उभं आहे. निकाल सांगताना एक परीक्षक अक्षरशः गहिवरले. तळ्याच्या पोटातून आलेला आवाज, म्हणाले. देह संपला आणि आवाज उरला, म्हणाले. 'हात नका देऊ' या शब्दांत आत्म्याचं ऊर्ध्वगमन आहे, म्हणाले. ऊर्ध्वगमन! पोरगी तळहात टेकून फळीवर चढत होती आणि हा माणूस तिला स्वर्गात पाठवत होता. मामा मागं वळून शेजाऱ्यांना सांगत होते, "आपला भाचा." जे ऐकून त्यांना ओशाळं व्हावं लागलं असतं त्याच शब्दांना ते टाळ्या वाजवत होते. मेलेल्या पोरीनं काहीही बोललेलं सगळ्यांना सोसतं. तीच पोर केसांत भुसा घेऊन समोर उभी राहिली की अडचण होते.

उत्कृष्ट दिग्दर्शन मला. सुनंदाला उत्तेजनार्थ, आवाजासाठी. अभिनयासाठी नाही, कारण अभिनय कुणाला दिसलाच नव्हता. तिचं नाव दोनदा पुकारलं, ती गेलेली होती. आमच्यातले बाकी चौघं गप्प राहिले. त्यांनी लाईट गेली असंच धरलं होतं, आणि बक्षीस मिळाल्यावर तर सगळ्यांनाच ते सोयीचं होतं. मला कुणी विचारलं, "हे सुचलं कसं?" मी हसलो. मी खोटं असं काही बोललोच नाही. लोक बोलत गेले, मी मान हलवत गेलो. कॉलेजात मला नाट्यशास्त्र शिकवायला घेतलं तेव्हाही मुलाखतीत त्याच अंधाराबद्दल विचारलं. मी मान हलवली.

सुनंदा परीक्षेपुरती कॉलेजात आली. पुन्हा स्टेजवर चढली नाही.

तर कोमलनं ते विचारलं, त्यानंतरच्या रविवारी मी चिकलठाण्याला गेलो. रस्ता ओळखू येत नव्हता. घरावर मजला चढलाय, टाकी गेली, तिथं काळी प्लॅस्टिकची टाकी आलीय. सुनंदा आता विमा कार्यालयात अधिकारी आहे. चष्मा, आखूड केस. दार तिनंच उघडलं.

"या सर," म्हणाली. "एवढ्या वर्षांनी रस्ता सापडला?"

पूर्वी ती मला अरे-तुरे करायची.

भिंतीवर निळ्या कोटातला फोटो तसाच होता. शेजारी तिच्या आईचा फोटो होता, हार घातलेला. मला ठाऊक नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो.

"चार वर्षं झाली," ती म्हणाली. "बसा. काय काम काढलंत?"

"ते नाटक पुन्हा करतोय. त्या शेवटाबद्दल..."

"तुमचं ते अंधारातलं? माझ्या भाचीनं पाहिलं होतं मागं. म्हणाली, आत्या, भूत लई भारी बोलत होतं." ती हसली. हसू लगेच मिटलं. "लाईट गेली, त्याला कोण काय करणार! पण लोकांनी भलतंच काढलं, तेव्हा तुम्ही एकदा तोंड उघडायला पाहिजे होतं. तेवढा राग आहे माझा. खोटं कशाला बोलू."

तेवढा राग. तिथं मी उठून निघून आलो असतो तर ती मला तेवढ्या रागावर सोडायला तयार होती. दाराकडं माझं लक्ष गेलं. हेही लिहून ठेवतो.

"लाईट मी घालवली, सुनंदा."

"म्हणजे?"

"गेली नव्हती. मी डिमर खाली ओढला. अन्वरभाई नको म्हणत होते."

ती बोलायला लागणार तेवढ्यात विमान आलं. पूर्वीइतकं खालून नाही, पण काचा थरथरल्या. ती थांबली. तोंड अर्धवट उघडं, नजर वर. विमान सावकाश गेलं.

"म्हणजे लाईट गेली नव्हती," ती म्हणाली.

मग ती आईच्या फोटोकडं वळली. बोलली ती त्या फोटोशीच.

"घरी येताना रिक्षात आई रडत होती. म्हणाली, तुला मारून टाकलं की गं त्यांनी. मी म्हटलं, नाय आई, मी वर आले होते. ती म्हणाली, मला नाय दिसली तू. मी म्हटलं, लाईट गेली ना ऐन वेळेला. तर म्हणं, लाईट गेली तर डोक्यावरचा पंखा कसा काय फिरत होता?"

मी मान खाली घातली.

"वर बघा, सर. मी ओरडले तिच्यावर. तुला काय कळतंय नाटकातलं म्हणाले. तुमच्या बाजूनं भांडले मी, माझ्या आईशी. पुन्हा असलं मरायचं काम करायचं नाय म्हणाली, तेव्हापण भांडले, मग सोडून दिलं. पण ती पंख्याचं विसरली नाय. सणावाराला सगळे जमले की म्हणायची, माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. आम्ही हसायचो. तिची नक्कल करायचो आम्ही."

"सुनंदा, मला माफ..."

"ते ठेवा तुमच्यापाशी. मी ते घेऊन कुठं जाऊ? आईला देऊ?" तिचा आवाज चढला नव्हता, पण शब्द दगडासारखे येत होते. "तुमचे मामा होते पुढं, माहिती आहे मला. घाबरलो होतो म्हणणार असाल."

"घाबरलो होतो."

"खोटं. घाबरलेला माणूस घरी पळतो. तुम्ही बक्षीस घ्यायला पळाला."

चहा झाला नाही. मी चपला घालत असताना तिनं विचारलं, "आता कोण करतंय ते?"

"सोयगावकडची पोर आहे. कोमल. तिनंच ओळखलं. म्हणाली, ही मेलीच नाय."

सुनंदानं दार धरून ठेवलं होतं. "तालीम कधी असती?"

दुसऱ्या दिवशी मी पोरांना सगळं सांगितलं. स्टेजवर उभं राहून, त्या झाकणाच्या शेजारी. वाटलं होतं, सांगून झाल्यावर हलकं वाटेल. तसलं काही झालं नाही. पोरं माझ्याकडं अशी बघत होती की जणू मी त्यांच्या घरातलं काहीतरी उचलताना सापडलोय. एकानं विचारलं, "सर, मग ते कपाटातलं शील्ड?"

कोमल म्हणाली, "म्हणजे मी बरोबर होते."

"हो."

"मग माझ्यावर खेकसला कशाला होता?"

"कारण तू बरोबर होतीस."

"लई अवघड आहे बाबा तुमचं," ती म्हणाली आणि खड्ड्यात उतरली.

रंगीत तालमीला सुनंदा आली. शनिवारची दुपार, ऑफिसला सुट्टी. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर. मी नमस्कार केला, तिनं मान हलवली. अन्वरभाई आता सत्तरीचे आहेत. दिवे एलईडीचे, थंड झालेत, डिमरच्या जागी बटणांची सपाट पेटी आलीय, पण ती पेटीही अजून तेच आणतात. त्यांनी सुनंदाला लांबून ओळखलं. "आगयी बच्ची," एवढंच म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवला.

भुसा पडायला लागला. वास हॉलभर पसरला. कोमल हलली, केस झटकले. "हात नका देऊ. माझी मी येते." इतकी वर्षं काळोखात ऐकलेलं वाक्य पहिल्यांदा एका चेहऱ्यावर दिसलं. तिच्या ओठाला भुसा चिकटला होता, तो तिनं बोलता बोलता थुंकून टाकला. आजीचं आलं, आईचं आलं. "मी आत उभी ऱ्हाणार नाय." आणि ती थांबली.

इथं का थांबायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या आधीच्या पोरी थांबत होत्या म्हणून ती थांबली. मी सुनंदाकडं पाहिलं. तिनं मान वर केली होती. छताकडं, जिथून काहीच जात नव्हतं.

"आता बघा माझ्याकडं," कोमल म्हणाली आणि गुडघा टेकवून वर आली.

"ए पोरी, थांब."

सुनंदा उठली होती. पर्स खुर्चीवर ठेवून ती स्टेजच्या पायऱ्या चढली. माझ्या शेजारून गेली, माझ्याकडं न बघता.

"गुडघा टेकवायचा नाय," ती कोमलला म्हणाली. "गुडघा टेकला की पाया पडल्यासारखं दिसतं. तळहात टेकव आणि पाय थेट वर घे. मी नव्हता टेकवला. कुणाला दिसलं नाय ते सोड, पण मी टेकवला नव्हता."

"ह्या एवढ्या उंचीला? जमंल का काकू?"

"हो बाजूला."

तिनं पदर कमरेला खोचला, चष्मा काढून कोमलच्या हातात दिला आणि खड्ड्यात उतरली. छातीपर्यंत भुशात उभी राहिली. पोरं कडेनं जमली. तिनं दोन्ही तळहात फळीवर ठेवले. पहिल्यांदा जमलं नाही. कुणीतरी हात पुढं केला.

"हात नको," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा तिचे दंड थरथरले, फळी करकरली, आणि पाय थेट वर आला. ती काठावर उभी राहिली. धापा टाकत, साडीला भुसा, कपाळावर घाम. ते करकरणं मी ओळखलं. त्या दुपारी मी मान वळवली होती. आता मी धावत विंगेत गेलो.

"अन्वरभाई, लाईट बढाओ. और बढाओ."

अन्वरभाईंनी पेटीकडं पाहिलं, मग माझ्या हाताकडं, मग माझ्याकडं.

"फुल है, सर," ते म्हणाले. "इसके ऊपर नहीं जाती."